अत्तरावरून ओळखलेला माणूस

१२ सप्टेंबर १९६२ रोजी लंडनमध्ये जॉन व्हॅसल नावाच्या एका सरकारी कारकुनाला अटक झाली. १९५४ पासून तो मॉस्कोच्या ब्रिटिश वकिलातीत, नौदलाच्या कचेरीत कामाला होता. तिथं त्याला एका मेजवानीला बोलावलं गेलं, भरपूर दारू पाजली गेली आणि पुरुषांबरोबरच्या अवस्थेत त्याचे फोटो काढले गेले. पुढं केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संघटनेनं ते फोटो त्याच्यासमोर ठेवले. त्यानंतर मॉस्कोत, आणि लंडनला नौदल खात्यात परतल्यावरही, तो वर्षानुवर्षं कागदपत्रं पुरवत राहिला. त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या अटकेनंतर तेवीस दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, 'डॉ. नो'चा पहिला खेळ लंडनमध्ये झाला आणि बाँडपटांची मालिका सुरू झाली.

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय त्या काळातले ब्रिटिश हेरपट नीट उलगडत नाहीत. इंग्लंडमध्ये तेव्हा दोन प्रौढ पुरुषांमधला संबंध, राजीखुशीचा आणि बंद दाराआडचा असला तरी, तुरुंगात नेणारा गुन्हा होता. १८८५ च्या कायद्यातल्या त्या कलमाला लोक 'ब्लॅकमेलरची सनद' म्हणत. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीनं हा गुन्हा रद्द करावा अशी शिफारस केली. ती अमलात आणायला संसदेनं दहा वर्षं घेतली, आणि १९६७ चा तो कायदाही फक्त इंग्लंड-वेल्सपुरता, २१ वर्षांवरच्या पुरुषांपुरता, सैन्य वगळून. स्कॉटलंडला १९८० पर्यंत थांबावं लागलं, उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत. बायकांमधले संबंध तिथं कधीच गुन्हा नव्हते; १९२१ मध्ये तसा प्रयत्न झाला, पण लॉर्डांच्या सभागृहात तो बारगळला. याच राज्यकर्त्यांनी १८६० मध्ये आपल्याकडे आणलेलं कलम ३७७ मात्र त्यांचा स्वतःचा कायदा बदलल्यावर आणखी ५१ वर्षं आपल्या मानेवर राहिलं.

व्हॅसलला वाकवता आलं, कारण फोटो बाहेर पडले असते तर नोकरी, अब्रू आणि स्वातंत्र्य तिन्ही गेली असती. केजीबीनं वापरलेलं हत्यार लंडनमध्येच घडवलेलं होतं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी मात्र उलटा अर्थ काढला. अशी माणसंच फितूर होतात, तेव्हा अशी माणसं ओळखायला शिका! एप्रिल १९६३ मध्ये 'संडे मिरर'नं समलिंगी पुरुष ओळखायचा कसा, याच्या खाणाखुणा सांगणारा लेख छापला. सोव्हिएत हेर निघालेला ब्रिटिश अधिकारी गाय बर्जेस १९५१ मध्ये त्याच्यासारख्याच डोनाल्ड मॅक्लेनबरोबर रशियाला पळाला होता, तो समलिंगी होता हे जगजाहीर होतं, त्यामुळे या तर्काला आयता पुरावा मिळालेला होता. बर्जेसला कुणी फोटो दाखवून फितवलं नव्हतं, तो केंब्रिजमध्ये असतानाच कम्युनिस्ट विचारांनी भारला गेला होता. पण एवढा फरक करायला कुणाला सवड नव्हती.

सिनेमानं हा फरक एकदा अगदी स्वच्छ दाखवला होता. बेझिल डिअर्डनच्या 'व्हिक्टिम'मध्ये (१९६१) डर्क बोगार्डनं रंगवलेला बॅरिस्टर ब्लॅकमेलरांच्या टोळीचा माग काढतो, आणि चित्रपट पाहणाऱ्याला प्रत्येक प्रसंगातून एकच गोष्ट पटत जाते, की या टोळीचा धंदा कायद्याच्या जिवावर चाललाय. तो हेरपट नव्हता. हेरपटांनी ती वाट घेतली नाही. त्यांनी 'संडे मिरर'ची वाट घेतली.

हे चित्रपट आज पुन्हा पाहताना सर्वांत मोठी चूक होते ती पुराव्यांची सरमिसळ करण्यात. पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसतं, मूळ कादंबरीत काय आहे, नटनट्या नंतर मुलाखतीत काय बोलल्या आणि प्रेक्षकांनी त्यात काय वाचलं, ही चार वेगळी खाती आहेत. ती एकत्र केली की प्रत्येक नटवा खलनायक समलिंगी वाटू लागतो आणि खरोखर समलिंगी असलेलं पात्र नजरेतून सुटतं. जोसेफ लोझीच्या 'मॉडेस्टी ब्लेझ'मध्ये (१९६६) त्याच बोगार्डनं केलेला छत्रीवाला, पांढऱ्या केसांचा खलनायक गॅब्रिएल नखरेल आहे हे खरं. पण नखरेल असणं ही वागण्याची शैली झाली, त्यावरून त्याचं प्रेम कुणावर आहे हे ठरत नाही. म्हणून प्रसंग पाहताना आधी आवाज बंद करून पाहावा. कोण कुणाला हात लावतं, कोण अंग चोरतं, कॅमेरा कुणाच्या बाजूनं उभा आहे, हे टिपून घ्यावं. मग आवाज लावावा. मग कादंबरीतला तोच प्रसंग वाचावा. शेवटी त्या पात्राचं काय होतं ते एका ओळीत लिहावं. ही शेवटची ओळ चुकवू नये, कारण संवाद लपवतात ते बहुधा शेवट सांगून टाकतो.

'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) असा पाहिला तर खलनायिका कर्नल रोझा क्लेबचा प्रसंग फार स्पष्ट दिसतो. इस्तंबूलमधली एक खोली. लष्करी पोशाखातली, आखूड केसांची क्लेब तात्याना या तरुण सोव्हिएत कर्मचारी मुलीला कोट काढायला लावते, गोल फिरायला लावते, तिच्या भोवतीनं चालत तिला न्याहाळते. आजवर किती प्रियकर झाले ते विचारते. असं खासगी का विचारता, असं तात्यानानं म्हणताच हातातली छडी टेबलावर आपटते. मग आवाज खाली येतो, ती जवळ येते, तिचा हात तात्यानाच्या अंगाशी रेंगाळतो आणि तात्याना आक्रसते. कॅमेरा पूर्ण वेळ तात्यानाच्या भीतीबरोबर आहे. लेस्बियन हा शब्द कुणी उच्चारत नाही, गरजच पडत नाही. गणवेश, वय, कुरूपता आणि सत्ता यांच्या जोडीला समलिंगी आकर्षण बसवलं, की पाहणाऱ्याच्या मनात ते सगळं मिळून एकच दुर्गुण होतो.

कादंबरीत (१९५७) हा प्रसंग याहून भडक आहे. तिथं क्लेब तलम झिरझिरीत कपडे घालून समोर येते आणि तात्याना खोलीबाहेर धूम ठोकते. चित्रपटानं ते गाळलं आणि एक मोठं काम केलं: ही भूमिका लोटे लेन्याला दिली. लेन्या ही बर्लिनच्या रंगभूमीवरची, 'थ्रीपेनी ऑपेरा' गाजवलेली, संगीतकार कुर्ट वाइलची पत्नी. त्या काही मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर अधाशीपणा आहे, तसा क्षणभर एक अवघडलेपणाही आहे. नकार अंगवळणी पडलेल्या बाईचा. पटकथेला तो नको होता, पण लेन्याच्या डोळ्यांत तो आहे. शेवटी व्हेनिसच्या हॉटेलात मोलकरणीच्या वेषात, बुटातलं विषारी पातं घेऊन क्लेब येते आणि गोळी झाडते ती तात्याना. एक बाई दुसऱ्या बाईच्या तावडीतून सुटून पुरुषाकडे जाते आणि ते सिद्ध करायला पहिलीला मारते.

'गोल्डफिंगर' (१९६४) जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथं आहे. १९५९ च्या कादंबरीत दोन लेस्बियन बायका आहेत. पुसी गॅलोर ही सगळ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. टिली मास्टर्टन तिच्यावर भाळते, आणि फोर्ट नॉक्स या अमेरिकेच्या सोन्याच्या कोठारावरच्या धामधुमीत बाँडबरोबर थांबायचं सोडून पुसीकडे जायला निघते म्हणून मारली जाते. टिली अशी का, यावर बाँड मनाशी निष्कर्ष काढतो तो असा, की बायकांना मताधिकार आणि समानता दिल्याचा हा परिणाम. पुसी अशी का, याचं कारण शेवटच्या पानांवर येतं: लहानपणी नात्यातल्या पुरुषानं तिच्यावर अत्याचार केला. म्हणजे एकीला राजकारणानं बिघडवलं, दुसरीला गुन्ह्यानं, आणि दोघींवर उपाय एकच, बाँड. पहिलीनं तो नाकारला आणि ती मेली, दुसरीनं घेतला आणि ती वाचली.

चित्रपटानं यातलं बरंचसं काढून टाकलं. टिली पडद्यावर फक्त बहिणीच्या खुनाचा सूड घ्यायला आलेली मुलगी आहे. पुसीची टोळी जाऊन तिथं महिला वैमानिकांचं पथक आलं. ऑनर ब्लॅकमन ही 'द ॲव्हेंजर्स' मालिकेतून ज्यूदो आणि चामड्याच्या पोशाखासह घराघरांत पोचलेली होती; तिनं पुसीला कामात चोख, कुणाला न दबणारी बाई केलं. विमानात ती बाँडला सांगते की तुझ्या मोहिनीचा माझ्यावर असर होत नाही. पडद्यावरचा पुरावा म्हणाल तर एवढाच. कादंबरी न वाचलेल्या माणसाला हे वाक्य नुसता ताठा वाटतो.

मग खलनायक गोल्डफिंगरच्या केंटकीतल्या स्टड फार्मवरचा तो गवताच्या कोठारातला प्रसंग. ज्यूदोच्या पकडी, एकमेकांना आपटणं, इथवर खेळकर सूर आहे. नंतर बाँड तिच्यावर ओणवा होतो, ती दोन्ही हातांनी त्याला मागं रेटते, मान वळवते, आणि तो वजन टाकत राहतो. काही क्षणांनी तिचे हात त्याच्या गळ्यात पडतात आणि जॉन बॅरीचं संगीत कुशीत घेतल्यासारखं मऊ होतं. तिचा नकार पडद्यावर ढळढळीत दिसतो. तो मोडून काढणं हाच इथं प्रणय आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट कथानकाच्या सांध्यात आहे. पुसीनं पक्ष बदलला नाही तर गोल्डफिंगरचा बेत यशस्वी होतो आणि फोर्ट नॉक्सभोवतीचे हजारो लोक विषारी वायूनं मरतात. बाँड त्या वेळी कैदेत आहे, त्याच्या हातात काही नाही. वॉशिंग्टनला कळवते ती, वायूच्या नळकांड्या बदलते ती. संपूर्ण चित्रपटातला सर्वांत धाडसी नैतिक निर्णय तिचा आहे, आणि तो आपल्याला दाखवलाच जात नाही! ती कधी विचारात पडली, कुणाला फोन केला, गोल्डफिंगरच्या नजरेखाली ते कसं जमवलं, यातलं एक दृश्यही नाही. आपल्याला नंतर बाँडच्या तोंडून ऐकू येतं की तिचा मातृभाव जागा झाला असावा. कोठारातला प्रसंग काढून टाका आणि त्या जागी पुसी एकटी बसून निर्णय घेते असं एक मिनिट कल्पून पाहा. कथानक कुठंही अडत नाही. उलट ते जास्त पटण्याजोगं होतं.

आता श्रेयनामावलीकडे जाऊ. या पटकथेवर रिचर्ड मेबॉमबरोबर दुसरं नाव आहे ते पॉल डेन यांचं. डेन हे कवी, चित्रपटसमीक्षक आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेचे अधिकारी. हेरांना शिकवण्याचं काम त्यांनी प्रत्यक्ष केलेलं. १९४० च्या दशकापासून १९७६ मध्ये वारेपर्यंत ते संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्यासोबत राहिले. दोघांनी मिळून लिहिलेल्या 'सेव्हन डेज टू नून'च्या कथेला ऑस्करही मिळालं. म्हणजे 'गोल्डफिंगर' लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाला हेरगिरी आतून माहीत होती आणि लपून जगणंही आतून माहीत होतं. चित्रपट आला तेव्हा डेन-बर्नार्ड यांच्यासारखा संबंध कायद्यानं गुन्हाच होता. 'या चित्रपटांत समलिंगी माणसं खलनायक म्हणून होती' एवढं म्हणून थांबता येत नाही ते यासाठी. ती लेखणीच्या बाजूलाही होती, आणि तिथून त्यांना जेवढं करता आलं तेवढं त्यांनी केलं असेल, तर कादंबरीतला अत्याचाराचा खुलासा आणि मताधिकाराचं ते घाणेरडं तत्त्वज्ञान पडद्यावर न येणं ही काही लहान गोष्ट नाही.

पुढच्याच वर्षी 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६५) आला; त्याच्या पटकथेवर डेन आणि गाय ट्रॉस्पर यांची नावं आहेत. त्यात ॲश नावाचं छोटं पात्र आहे, मायकेल हॉर्डर्ननं केलेलं. तुरुंगातून सुटलेल्या लीमस या ब्रिटिश हेराला गाठून, जेवू घालून, हळूहळू पूर्वेकडच्या माणसांपर्यंत पोचवणारा हा मधला माणूस. त्याचं बोलणं, लीमसच्या बाजूला बसतानाची संकोचलेली लगट, यांतून तो काय आहे ते कळतं, आणि त्याचे वरचे लोक त्याला कसं तुच्छ लेखतात तेही कळतं. साचा जुनाच आहे. पण दिग्दर्शक मार्टिन रिटनं कॅमेरा हॉर्डर्नच्या चेहऱ्यावर थांबवला आहे, आणि अपमान गिळणारा माणूस आपल्याला दिसतो. या चित्रपटात दोन्ही बाजूंच्या यंत्रणा माणसं वापरून फेकतात. ॲश त्यातला सर्वांत खालच्या पायरीवरचा.

'डायमंड्स आर फॉरएव्हर' (१९७१) येईपर्यंत कायदा बदलून चार वर्षं झाली होती, लंडनमध्ये गे लिबरेशन फ्रंट उभी राहिली होती, आणि पुढच्याच जुलैमध्ये शहरातली पहिली प्राइड मिरवणूक निघणार होती. पडद्यावर मात्र मिस्टर विंट आणि मिस्टर किड ही मारेकऱ्यांची जोडी. दंतवैद्याच्या शर्टात विंचू सोडायचा, हेलिकॉप्टर उडवून द्यायचं आणि वाळवंटातून हातात हात घालून चालू लागायचं. ब्रूस ग्लोव्हर आणि पटर स्मिथ. यातला स्मिथ मुळात जॅझ बास वाजवणारा. ते दोघं एकमेकांना नेहमी 'मिस्टर' म्हणतात, एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो. प्रेक्षकांनी त्यांना हसावं अशीच सगळी रचना आहे.

ते पकडले कसे जातात ते बारकाईनं पाहा. जहाजावर दोघं वेटर बनून जेवण घेऊन येतात. बाँडला आधी अत्तराचा वास ओळखीचा लागतो. मग तो वाइनबद्दल बोलतो: या जेवणाबरोबर क्लॅरेट, म्हणजे बोर्दोची लाल वाइन, हवी होती. विंट म्हणतो, आमच्याकडे क्लॅरेटचा साठा कमी आहे. समोरची मूतों रोथशिल्ड ही क्लॅरेटच असते, आणि हे त्याला ठाऊक नाही. आठ वर्षांपूर्वी 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये इंग्रज सभ्य गृहस्थाचं सोंग घेतलेला मारेकरी रेड ग्रांट माशाबरोबर लाल वाइन मागवतो, आणि यावरूनच ओळखायला हवं होतं असं बाँड नंतर म्हणतो, तीच ही युक्ती. खऱ्या घरातला इंग्रज नसलेला माणूस आणि खरा पुरुष नसलेला माणूस, दोघांना ओळखायची अवजारं एकाच पेटीतली. पुढं किड पेटलेला समुद्रात पडतो, आणि विंटला त्याच्याच बाँबसकट कठड्यावरून फेकलं जातं, तेही अशा पकडीत की मरतानाही त्याच्या तोंडून सुखाचा चीत्कार निघावा. सगळ्या मालिकेतला हा सर्वांत हीन विनोद आहे असं मी म्हणेन.

तरीही या जोडीचे चाहते आहेत, त्यांत गे प्रेक्षकही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या चित्रपटात प्रत्येक जण प्रत्येकाला फसवतो. हिऱ्यांची तस्करी करणारी टिफनी केस बाजू बदलत राहते, खलनायक ब्लोफेल्ड स्वतःच्या प्रतिकृती बनवतो, सोबती सोबत्याला विकतो. शेवटपर्यंत एकमेकांशी एकनिष्ठ राहिलेलं जोडपं एकच आहे.

त्याहून जुन्या हेरपटात अशी एकनिष्ठा शिक्षेविना दाखवता येत होती, पण निरागसतेच्या अटीवर. हिचकॉकच्या 'द लेडी व्हॅनिशेस'मधले (१९३८) चार्टर्स आणि कॅल्डिकॉट हे क्रिकेटवेडे गृहस्थ हॉटेलात जागा नाही म्हणून मोलकरणीच्या खोलीत एका अरुंद पलंगावर झोपतात, दोघांत मिळून एक पायजमा-सूट. मॅंचेस्टरच्या कसोटीचं काय झालं, यापलीकडे त्यांना जगाची फिकीर नाही. आपल्याकडच्या माणसाला हे वेड समजावून सांगावं लागत नाही. प्रेक्षकांना ते इतके आवडले की नंतरच्या चित्रपटांतही ते परत आले. प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून ते सुखात राहिले.

प्रश्न विचारणारी यंत्रणा किती काळ टिकली, हे टोमास आल्फ्रेडसनच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मध्ये (२०११) दिसतं. कादंबरीतला गुप्तहेर पीटर गिलम बायकांवर प्रेम करणारा आहे; चित्रपटानं त्याला समलिंगी केलं. हा बदल कशासाठी, अशी कुरकुर तेव्हा झाली. कथेचा काळ १९७३ चा आहे. सहा वर्षांपूर्वी कायद्यानं त्याला मोकळं केलेलं आहे, पण गुप्तहेर खात्यानं नाही: एमआय५, एमआय६ आणि जीसीएचक्यूमधली समलिंगी माणसांवरची बंदी १९९१ पर्यंत चालू होती. खात्यातला फितूर शोधणारा स्मायली त्याला सुचवतो की लपवण्याजोगं काही असेल तर आत्ताच आवरून घे. घरी वयानं मोठा, साधासा माणूस त्याला शांतपणे विचारतो की दुसरं कुणी आहे का, असेल तर सांग. गिलमला खरं सांगता येत नाही. तो माणूस गेल्यावर गिलम झालेला बेनेडिक्ट कंबरबॅच रडतो, आणि व्हॅसलच्या फोटोंमध्ये नेमकी काय ताकद होती ते एका मिनिटात कळतं. फितुरांना शोधणारा गिलम आणि फितूर निघणारा हेडन या दोघांच्याही आयुष्यात पुरुष आहेत. निष्ठेचा आणि लैंगिकतेचा संबंध तोडायला याहून नेमकी रचना मला सुचत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत एमआय६ चे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड मूर यांनी त्या बंदीबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी 'नो टाइम टू डाय'मध्ये बाँडला उपकरणं पुरवणारा क्यू एका पुरुषासाठी जेवणाची तयारी करताना दिसला. ओझरतंच, पण त्याला कुणी वासावरून किंवा वाइनवरून पकडलं नाही, शिक्षाही केली नाही.

बायकांच्या वाट्याला मात्र हे आलेलं नाही. 'किलिंग ईव्ह' या मालिकेत चार हंगाम एक गुप्तहेर बाई आणि एक मारेकरी बाई एकमेकींभोवती फिरत राहिल्या. एप्रिल २०२२ मध्ये शेवटच्या भागात त्या एकदाच्या जवळ आल्या आणि लगोलग विलानेलला, म्हणजे त्या मारेकरी बाईला, गोळ्या घालून मारलं गेलं. मूळ कादंबऱ्यांचे लेखक ल्यूक जेनिंग्ज यांनी या शेवटाबद्दल जाहीर नाराजी नोंदवली, ती योग्यच होती. क्लेबवर गोळी झाडली गेली त्याला तोवर ५९ वर्षं होत आली होती, आणि हा शेवट लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर डेन यांच्यासारखी कायद्याची टांगती तलवारही नव्हती.